गोमाशी, समोरून

४ मे

प्रिय भुंगी,

सोबत चांदीच्या कागदात गुंडाळलेलं आहे ते चॉकलेट नाही, कॅमेऱ्याचं कार्ड आहे. तोंडात टाकू नकोस.

त्यावर एका माशीचे फोटो आहेत. माझ्या घरामागच्या तबेल्यातून येते. घरातल्या माशीच्या तिप्पट, अंगाने करडी, आणि चावते अशी की डासाने तिच्याकडे शिकवणी लावावी. डास निदान चोरासारखा येतो, ही दार फोडून येते. घोडे शेपट्या आपटून हैराण झालेत. मी वर्तमानपत्राची गुंडाळी घेऊन तिच्या मागे लागले होते, तेवढ्यात आठवलं की माझी एक भाची संग्रहालयात बसून माशांची नावं सांगण्याचा पगार घेते. तर सांग, ही कोण?

फोनवरच विचारलं असतं, पण माझ्या कानातल्या यंत्रात तुझा आवाज तेलात काहीतरी तळल्यासारखा येतो. मी 'हो, हो, छान' म्हणते, आणि मागाहून कळतं की तू विचारत होतीस, 'आत्या, तू पडलीस का?'

तुझी अट माझ्या लक्षात आहे. पत्रात तुझ्या वडिलांचा उल्लेख आला की तुझं पुढचं पत्र येणार नाही. सहा वर्षं मी ती पाळते आहे, म्हणून तर आपल्या पत्रांत हवा आणि माझे गुडघे यापलीकडे काही उरलेलं नाही. गुडघ्यांबद्दल आता मलाही नवीन काही सुचत नाही. म्हणून माशी.

हवा बरी आहे. गुडघे आहेत.

तुझी
आत्या

१३ मे

प्रिय आत्या,

तुझं कार्ड आमच्या दारावरच्या पहारेकऱ्याने आधी हुंगून बघितलं. माझ्या नावाने एकदा पाकिटातून जिवंत गांधीलमाशी आली होती, तेव्हापासून तो माझं टपाल हुंगतो.

ही गोमाशी. इथवर तुला तबेलेवाल्यानेही सांगितलं असतं. कुठली गोमाशी ते मात्र सांगता येत नाही, कारण सगळे फोटो तू वरून काढले आहेस. वरून बघितलं तर आमचे साहेब आणि त्यांच्या खोलीतलं पायपुसणं यांतही फरक कळत नाही. तू जन्मभर इस्पितळात एक्स-रे काढलेस. 'एक समोरून, एक बाजूने' हे तुला मी शिकवायचं?

मला तिचं तोंड हवं. दोन डोळे कपाळावर एकमेकांना चिकटलेत की मध्ये फट आहे, ते पहिल्यांदा बघायचं. चिकटलेले असले तर नर. नर चावत नाहीत. ते फुलांतला रस पितात आणि उन्हात बसतात. फट असली तर मादी. अंडी तिला घालायची असतात, त्यामुळे रक्तही तिलाच शोधावं लागतं. मग त्या फटीत एक चकचकीत काळा ठिपका असतो, त्याचा आकार बघायचा. मग मिशा, मग पंख.

आणि डोळ्यांचे रंग. जिवंत गोमाशीचे डोळे तू नीट बघितले नसशील. हिरवे असतात, साबणाच्या फुग्यासारखे, आणि त्यांवर तांबूस-जांभळे पट्टे. पट्टे किती आणि कसे, यावरून निम्मी ओळख पटते. पण ती मेली की थोड्याच वेळात रंग विझतो. माझ्या कपाटांत टाचणीला लावलेल्या हजारो आहेत, काही माझ्या जन्माच्या आधीच्या, आणि त्यांतल्या बहुतेकींचे डोळे कसे होते हे मला माहीत नाही. सगळ्यांचे आता काळे. म्हणून जिवंत माशीचा फोटो हवा. काढशील?

हवेचं आणि गुडघ्यांचं कळलं.

तुझी
भुंगी

२ जून

प्रिय भुंगी,

'सांगता येत नाही'! आमच्या इस्पितळातले एक डॉक्टर प्रत्येक एक्स-रेखाली हेच लिहायचे. खूप मोठे झाले ते पुढे.

तू सांगितलंस तसं केलं. आधी माशीला म्हटलं, 'श्वास रोखा, हलू नका.' तिने ऐकलं नाही. रुग्ण निदान लाजेने ऐकायचे. मग लक्षात आलं की चावायला बसली की तिला जगाची पर्वा नसते. पोट भरेपर्यंत ती आणि तिचं ताट. तेवढ्या वेळात खाली वाकून तिला समोरून गाठायची. घरात एक जुनं भिंग होतं, ते कॅमेऱ्याच्या तोंडावर चिकटपट्टीने बसवलं. आता तिच्या पायावरचे केससुद्धा दिसतात. दिसले नसते तरी चाललं असतं.

डोळ्यांचं मात्र तू म्हणालीस ते खरं. इतकी पाजी बाई, आणि डोळे असे. मी पहिल्यांदा बघितले तेव्हा बटण दाबायचंच विसरले.

बसली आहे ती तबेल्यातल्या म्हाताऱ्या घोडीवर. शांत घोडी आहे. हलत नाही.

आत्या

११ जून

प्रिय आत्या,

तू फार भारी आहेस. हे फोटो मी साहेबांना दाखवले, तर त्यांनी विचारलं, हे कुठल्या संशोधन केंद्रातून आले? मी म्हटलं, एका व्हरांड्यातून.

मोठी करडी ती टॅबॅनस, मादी. ढगाळ पंख छपरासारखे मिटून बसते ती हिमॅटोपोटा, तीही मादी. या दोघींची संपूर्ण नावं वेगळ्या कागदावर लिहून पाठवते, वाचताना दातांची काळजी घे. पण एका फोटोपाशी मी अडकले आहे. चौदावा. हिच्या डोळ्यांवर तीन पट्टे आहेत आणि मधला अर्ध्यावर तुटतो. असे पट्टे मी पुस्तकात बघितले नाहीत, आणि माझ्या कपाटातल्यांना विचारून उपयोग नाही. हा एकच फोटो तू वरून काढला आहेस. त्यामुळे कपाळ दिसत नाही, ठिपका दिसत नाही. ही परत आली तर समोरून काढ. मी हात जोडते.

आता घोडीचं. आत्या, तुझ्या घोडीला कोपर आहे.

तिच्या अंगावर विरळ पांढरे केस आहेत, उन्हाचे डाग आहेत, आणि कोपरावर घट्टा आहे, वर्षानुवर्षं टेबलावर कोपर टेकून काम केल्यासारखा. मी माशांची बाई आहे हे खरं, पण घोडी आणि पुरुष यांतला फरक मला फोटोवरून कळतो. कोण आहे हा? कधीपासून चाललंय? आणि तुझ्यासाठी हातावर गोमाशा बसवून घेतो म्हणजे प्रकरण बरंच पुढे गेलेलं दिसतं.

सगळं लिही. हवा आणि गुडघे वगळलेस तरी चालेल.

भुंगी

२० जून

प्रिय भुंगी,

पकडलंस.

एक गृहस्थ आहेत. हल्ली इथेच असतात. दुपारी माझ्या व्हरांड्यात खुर्ची टाकून बसतात. बायको नाही. वय माझ्याहून जास्त, अक्कल कमी. चहा गार दिला तर कुरकुर करतात, गरम दिला तर जीभ भाजली म्हणून कुरकुर करतात. मी लावलेला रेडिओ यांना आवडत नाही आणि बंद केला तर का बंद केलास विचारतात. कोणाची माफी मागायची वेळ आली की न्हाणीघरात जाऊन बसतात आणि नळ सोडतात. दिसायला एके काळी बरे होते असं त्यांचं स्वतःचं मत आहे.

पण हात पुढे ठेवा म्हटलं की ठेवतात. माझी भाची माशांची मोठी जाणकार आहे, तिच्या कामाचं आहे, म्हटलं. 'होय का,' म्हणाले, आणि बाही वर सारली.

यापुढे काही विचारू नकोस. या वयात मला लाजता येत नाही, नुसता खोकला येतो.

तीन पट्टेवाली परत आलेली नाही. तिच्यावर नजर आहे. म्हणजे आमची दोघांची.

आत्या

३० जून

प्रिय आत्या,

मी बसमध्ये तुझं पत्र वाचून इतकी हसले की शेजारच्या बाईने जागा बदलली.

पण आता गंभीरपणे सांगते, सोड या माणसाला. मला असा एक माणूस माहीत आहे. नाव घेत नाही, अट माझीच आहे. चहाचं, रेडिओचं, न्हाणीघराचं, सगळं तसंच. सुरुवातीला विनोदी वाटतं. मग एक दिवस आई अचानक जाते, आणि तुम्ही दूरच्या दलदलीत माशा गोळा करत असता, निरोप उशिरा पोचतो, चिखलाच्या बुटांनिशी तुम्ही घरी धावत येता, आणि हा माणूस सगळ्यांसमोर दारात उभा राहून विचारतो, 'आलीस? संपल्या का माशा?' त्यानंतर विनोदी वाटत नाही. त्यानंतर नळ सोडला काय नि बंद केला काय.

तुला हे सगळं माहीत आहे, तू तिथेच होतीस. तरी लिहिलं. तू काढलंस म्हणून निघालं.

बरं, कामाचं. तुझे फोटो ओळीने लावले तर माशीचं पोट चपट्यापासून टम्म होईपर्यंतचा प्रवास दिसतो. सुरेख आहे. पण एक कळत नाही. गोमाशी सुईने टोचत नाही, सुऱ्यांनी कातडी कापते. मी इतकी वर्षं यात आहे, तरी चावली की उडते आणि ओरडते. तुझ्या या गृहस्थांचा हात एकाही फोटोत तसूभर हललेला नाही. बोटसुद्धा नाही. प्रेम असतं हे मान्य, पण इतकं?

जिवंत आहेत ना?

भुंगी

१६ जुलै

प्रिय भुंगी,

घाईत आहे. हवा दमट. गुडघे तसेच. तबेल्यातल्या एका घोड्याने पाण्याची टाकी लाथ मारून फोडली. कार्ड सोबत.

जिवंत आहेत.

आत्या

२३ जुलै

आत्या,

तू कार्ड पाठवताना नको ते फोटो पुसून टाकतेस, हे माझ्या लक्षात आलं होतं. फोटोंचे आकडे मध्येच तुटतात. या वेळी एक पुसायचा राहिला. कॅमेरा खाली ठेवताना चुकून दाबला गेला असेल. त्यात माशी नाही. मांडीवर ठेवलेला उजवा हात आहे, बोटं आत वळलेली. अंगठ्याचं नख मधोमध उभं चिरलेलं आहे.

स्क्रू-ड्रायव्हर निसटून ते चिरलं तेव्हा मी सात वर्षांची होते आणि टेबलाखाली बसले होते. ते परत कधी नीट उगवलं नाही. त्याच नखाने ते घड्याळांची झाकणं उघडायचे.

कधी झालं?

त्यांची नखं कोण कापतं?

३० जुलै

भुंगी,

मीच कापते. चष्मा लावून. तरी वाकडी होतात.

मार्चमध्ये झालं. सकाळी दादा दुकान उघडायला गेला, तर शटरचं कुलूप उघडेना. त्याला वाटलं कुलूप बिघडलं. त्याने कुलपाला शिव्या दिल्या, आणि त्या तोंडातून नीट निघेनात, तेव्हा शेजारच्या चपलेवाल्याने ओळखलं आणि रिक्षा बोलावली. इस्पितळातून मी त्याला इकडे आणला. पाय बराच सुधारला आहे, काठी घेऊन न्हाणीघरापर्यंत जातो, नळ सोडण्याइतका बरा आहे. जीभही आता पुष्कळ सैल झाली. उजवा हात मात्र ठेवू तिथे राहतो, कोणीतरी विसरून गेलेल्या छत्रीसारखा. दाबलं, चिमटा काढला, गरम पाणी ओतलं, त्याला काही कळत नाही. ज्या चिमट्याने तो केसाएवढी स्प्रिंग उचलायचा, तो चिमटा त्याच्या उशाशी डबीत आहे. डबी उघडत नाही. मला उघडू देत नाही.

तुला कळवते म्हटलं, तर म्हणाला, कळवलंस तर मी जेवण सोडीन. आणि इकडे तुझी अट. तुम्ही दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोललेला नाहीत, पण माझं तोंड बांधायला कसे एक झालात बघ.

मग एप्रिलच्या शेवटी एका दुपारी मी चहा घेऊन बाहेर आले, तर त्याच्या हातावर ही बाई बसलेली. रक्ताचा ओघळ कोपरापर्यंत आलेला आणि हा आपला रेडिओ ऐकतोय. मी गुंडाळी उगारली. तो म्हणाला, 'मारू नको.' मला वाटलं, आजाराने साधुसंत झाला की काय. म्हणाला, 'फोटो काढ. तिला पाठव.'

तेव्हा त्याची जीभ जड होती. मला तीनदा विचारावं लागलं, कोणाला. तिसऱ्यांदा तो चिडला आणि मला कळलं.

तेव्हापासून रोज दुपारी डाव्या हाताने उजवी बाही वर सारतो, हात खुर्चीच्या दांडीवर नीट मांडतो आणि गिऱ्हाईक यायची वाट बघावी तसा बसतो. मी सवयीने म्हणते, 'हलू नका.' तो म्हणतो, 'हलवून दाखव.' हा आमचा विनोद. तू समोरून फोटो मागितलेस तेव्हा भिंग त्यानेच काढून दिलं. दुकानातलं आहे, तू लहानपणी डोळ्याला लावून घरभर धडकत फिरायचीस ते. तुझी सगळी पत्रं मी त्याला वाचून दाखवते. म्हणजे एक दाखवलं नाही. दलदलीचं. ते मी म्हटलं टपालात हरवलं.

गृहस्थांबद्दल जे लिहिलं त्यात एक शब्द खोटा नाही, आणि अटही मी मोडलेली नाही. तू नाव घेऊन विचारलं नाहीस, मी सांगितलं नाही.

आता सांगते. ये.

आत्या

१४ ऑगस्ट

आत्या,

आधी कामाचं. आजपासून त्या हातावर एकही माशी बसता कामा नये. व्हरांड्याला जाळी लाव. चावलेल्या जागा पिकतात, आणि ज्याला दुखत नाही त्याला पिकल्याचंही कळणार नाही. तू इस्पितळात नोकरी केलेली बाई आहेस. डॉक्टरांना विचारलं तरी होतंस का? मला माहीत आहे, विचारलं असशील आणि मग ऐकलं नसशील.

मी रागावले आहे. कोणावर, ते सांगता येत नाही.

कार्डांवरचे सगळे फोटो मी पुन्हा उघडले. मे महिन्यापासून माझ्यासमोर आहेत. मी त्यांतले पट्टे मोजले, पंखांच्या शिरा ताडून पाहिल्या, पोट फुगताना बघितलं. साहेबांना दाखवायचे होते तेव्हा नीटनेटके दिसावेत म्हणून चारी बाजूंनी कापले. म्हणजे तो हात कापून टाकला. आमच्या भाषेत त्याला पार्श्वभूमी म्हणतात. समोरून बघ, समोरून बघ, असं तुला सांगत होते, आणि माशी कशावर बसली आहे ते मी विनोद करण्यापुरतं बघितलं.

ये म्हणतेस. कशी येऊ? दारात उभी राहिले की मला तेच वाक्य ऐकू येणार. सहा वर्षं मी त्याला उत्तरं तयार करते आहे. भांडी घासताना, बसमध्ये, टाचण्या लावताना. काही फार चांगली जमली आहेत. आजारी माणसाला ती देता येत नाहीत, आणि दिल्याशिवाय मला दारातून आत पाऊल टाकता येत नाही. इतकं साधं आहे ते.

आईच्या वेळी मी उशिरा पोचले, हे मला कोणी सांगायची गरज नव्हती.

त्या तीन पट्ट्यांच्या माशीचा समोरचा फोटो राहूनच गेला. आता राहू दे.

भुंगी

२ सप्टेंबर

प्रिय भुंगी,

जाळी लावली. दादाने खिळे मोजून बघितले आणि एक बाजू सोडवून ठेवली. मी परत लावली, त्याने परत सोडवली. एका हाताने! व्यायाम म्हणून मी तिकडे दुर्लक्ष केलं.

तुझं पत्र मी त्याला वाचून दाखवलं नाही. फक्त एक वाक्य दाखवलं, शेवटचं, माशीचं. तो म्हणाला, 'राहू दे? ती राहू देणारी आहे का? लहानपणी एका मुंगळ्यासाठी लग्नाची पंगत सोडून गेली होती.' आणि बाही वर सारून जाळीच्या बाहेर जाऊन बसला. रोज. मी ओरडले, डॉक्टर ओरडले. डॉक्टरांना म्हणाला, 'तुम्ही तुमचं काम करा, मी माझ्या मुलीचं करतो.'

माशा आता कमी झाल्यात. हवा बदलली. तबेलेवाला म्हणतो, हंगाम आटोपत आला. आठवडाभर एकही आली नाही. दादा भिंग पुसत बसायचा.

परवा ती आली. तीच. मला आता लांबून ओळखता येते, तुझी कृपा. दोन घिरट्या घातल्या आणि त्याच्या मनगटाच्या जरा वर बसली. मी खाली गुडघ्यांवर बसले. माझ्या गुडघ्यांवर, भुंगी! भिंग जवळ नेलं. समोरून, अगदी समोरून. हिरवे डोळे, तीन पट्टे, मधला तुटलेला, मध्ये फट, फटीत तुझा तो चकचकीत ठिपका. तुला हवं ते सगळं एका चौकटीत. मी म्हटलं, 'श्वास रोखा, हलू नका,' आणि बटण दाबलं.

फोटो बिघडला. सोबत आहे, बघ. नुसता हिरवा फराटा आलाय. याच्यावरून कोणाच्या बापाला माशी ओळखता येणार नाही.

हात हलला.

झटका नव्हता. मी जन्मभर माणसांना हलू नका म्हणत आले, मला हलणं कळतं. मनगट वळलं, बोटं उघडली, आणि त्याच क्षणी त्याने शिवी दिली. लिहीत नाही, आमच्या आईची आवडती होती एवढंच सांगते. पण स्वच्छ! सगळी जोडाक्षरं जागच्या जागी. मार्चपासून त्याच्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द, जो मला 'काय?' म्हणून परत विचारावा लागला नाही. आणि माझे कान तुला माहीत आहेत.

माशी अर्थात गेली. आम्ही त्या हाताकडे बघत बसलो. शेजारची मांजरही बघत होती. मग त्याने डाव्या हाताने तो उचलून हवेत धरला आणि म्हणाला, 'परत चाव म्हणावं तिला.'

खाली त्याने काहीतरी लिहिलंय. डाव्या हाताने. त्यासाठी दोन कागद फाडले, आणि मला आत जायला सांगितलं. मी वाचलेलं नाही. खोटं कशाला बोलू, वाचलं.

आत्या

(पानाच्या तळाशी, मोठ्या वाकड्या अक्षरांत, ओळ वर चढत गेलेली)

माशा संपल्या नाहीत अजून. ये.

९ सप्टेंबर

प्रिय आत्या,

फोटो मिळाला. मला आजवर कोणी पाठवलेला हा सगळ्यात वाईट फोटो आहे. डोळा कुठला, पंख कुठला, काही लागत नाही. साहेब माझ्या खोलीत आले, चष्मा कपाळावर चढवून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, 'ही कोण?' मी म्हटलं, सांगता येत नाही. 'मग भिंतीवर कशाला लावलाय?' म्हणाले. त्यावर मी रुमाल शोधायला लागले, तेव्हा ते बिचारे पाणी आणायला गेले.

सोमवारच्या गाडीने निघते. जाळं, टाचण्यांची डबी आणि नेलकटर घेतलं आहे. रजेच्या अर्जात कारण लिहिलं, 'गोमाशी.' ती दिसली तर पकडेन, नाही दिसली तर पुढच्या वर्षी दिसेल.

उत्तरं इथेच ठेवून यायचा प्रयत्न करते आहे. सगळी राहतीलच असं नाही. एखादं बॅगेतून निघालंच, तर तू तेवढा वेळ कानातलं यंत्र काढून ठेव. ऐकणाऱ्याला ऐकू दे. आणि त्यांनी नळ सोडला तर मी बाहेर स्टूल टाकून बसेन. टाकीतलं पाणी कधीतरी संपेलच.

तोवर नखं कापू नकोस. आणि बाबांना सांग, हललात तरी चालेल.

तुझी
भुंगी